सान रोक्कोने न वाजवलेला शेवटचा अंक

१

सोळा ऑगस्टच्या संध्याकाळी आमच्या गावच्या सान रोक्कोने बँडमध्ये उभं राहून ऑपेराचा शेवटचा अंक वाजवला. तो संत आहे, लाकडाचा आहे, आणि त्याने आयुष्यात कुठल्याही वाद्याला हात लावलेला नाही. तरी वाजवला.

असं काहीही झालेलं नाही. आमचे फादर दॉन अर्कांजेलो यांनी पुढच्याच रविवारी प्रवचनात तसं स्पष्ट सांगितलं, आणि अख्ख्या कास्तेलफिकोने मान हलवली. मीही हलवली. तेव्हा जे झालं नाही ते बाजूला ठेवतो आणि जे झालं तेवढंच सांगतो. झाली ती चोरी.

आमचं गाव इटलीच्या बुटाच्या टाचेत आहे. इथवर ऑपेरा गायला कुणी येत नाही. त्यामुळे पणजोबांच्या काळापासून दर उन्हाळ्यात, संताच्या उत्सवाला, गावचा बँडच ऑपेरा वाजवतो. गाणाऱ्यांच्या जागी वाद्यं. नायक म्हणजे एक जाडजूड पितळी भोंगा, आणि नायिका म्हणजे फ्लिकॉर्नो: दिसायला ट्रम्पेटची बहीण, पण गळा मऊ. लोक घरून खुर्च्या आणतात, चौकात मांडतात आणि शब्द नसलेल्या गाण्यावर शब्द कळल्यासारखे रडतात.

गेली चाळीस वर्षं आमची नायिका म्हणजे कोसिमोकाका. वय चौऱ्याहत्तर, झुबकेदार मिशा, सुटलेलं पोट, धंदा नळदुरुस्तीचा. दर उन्हाळ्यात ते शेवटच्या अंकात क्षयाने मरतात आणि चौक उभा राहून टाळ्या वाजवतो. या फेब्रुवारीत मात्र त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, फ्लिकॉर्नो बंद. काका म्हणाले, मग ऑपरेशनच कशाला केलंत? शेवटी तडजोड झाली. एकच अंक, एकदाच, या सोळा ऑगस्टला. त्यानंतर फुंकायचं ते फक्त सूप.

मी त्याच बँडमध्ये झांजा वाजवतो. झांजवाल्याचं मुख्य काम वाट पाहणं. मधे एकदा आपटायचं असतं, पण ते गौण.

संध्याकाळी आम्ही शाळेच्या पहिलीच्या वर्गात तयार होत होतो. एवढ्याशा बाकांवर एवढाली माणसं, गुडघे कानाशी. कोसिमोकाकांनी आपली पेटी उघडली. फ्लिकॉर्नो होता. माउथपीस, म्हणजे ओठांना लावून फुंकायची सुटी नळी, गुंडाळायचा रुमाल होता. रुमालात माउथपीस नव्हतं.

"माझं तोंड गेलं," काका म्हणाले.

ते चांदीचं होतं, बँडने भेट दिलेलं. पण प्रश्न चांदीचा नव्हता. इतक्या वर्षांत त्यांचे ओठ त्या एका माउथपीसच्या मापाचे झाले होते. दुसऱ्या फ्लिकॉर्नोवर वाजवणारी लोरेदाना लगेच पुढे झाली. "काका, माझं घ्या ना."

"पोरी, दुसऱ्याच्या कवळीने कधी जेवलीयेस?"

मग काकांनी तो रुमाल दिव्याखाली धरला आणि त्यांचा आवाज खाली आला.

"हा रुमाल बघा."

आम्ही बघितला. कोपऱ्यात त्यांच्या नावाचं भरतकाम होतं, म्हणजे रुमाल त्यांचाच. पण काकांचा रुमाल वर्षानुवर्षं तेलकट चॉकलेटी रंगाचा. हा पांढराशुभ्र होता. चार घड्या, कडक इस्त्री.

चोराने माउथपीस नेलं होतं, आणि रुमाल धुऊन परत ठेवला होता.

२

गावात पोलीस ठाणं नाही. वाहतूक शाखा आहे, आणि वाहतूक शाखा म्हणजे माझी मावशी, नुंझिया. तिच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा गुन्हा म्हणजे अपंगांच्या जागेत लावलेली बिशपसाहेबांची गाडी. मावशीने पावती फाडली. बिशपसाहेब गाडीतच होते. त्यानंतर ते आमच्या गावी आलेले नाहीत.

मावशी शिट्टी वाजवतच वर्गात शिरली. "कुणी हलायचं नाही! जो जिथे उभा आहे तो तिथेच उभा राहील."

"मावशी, आम्ही बसलोय."

"मग बसल्या बसल्या उभे राहा."

तिने रुमाल हुंगला, पेटी बघितली, आणि फळ्यावर खडूने एक चौकोन काढला. "हे बघा, प्रत्येक गुन्हा पार्किंगचा असतो. वस्तू एका जागी हवी, ती असते दुसऱ्या जागी. मग विचारायचं एवढंच, की तिला पहिल्या जागेवरून हटवायचं होतं, की दुसऱ्या जागी न्यायचं होतं? पेटी इथे कधीपासून आहे?"

"काल तालीम झाली तेव्हापासून," काका म्हणाले. "दोरा ती घरात येऊ देत नाही. फेब्रुवारीपासून." दोरा म्हणजे काकू.

"आणि वर्गाची किल्ली?"

किल्ली शेजारच्या बारमध्ये खिळ्याला असते. तिला 'शाळेची किल्ली' अशी पाटी आहे, म्हणजे कुणाचा घोटाळा होऊ नये. थोडक्यात, संशयित अख्खं गाव.

"त्यातले बिनकामाचे आधी," म्हणत मावशीने माझ्यापासून सुरुवात केली. "तू चोरलंस?"

"नाही. सान रोक्कोची शपथ."

हे विशेष नाही. आमच्याकडे वांग्याचा भावसुद्धा सान रोक्कोची शपथ घेतल्याशिवाय कुणी सांगत नाही. खोटी घेतली तर मांडीला गळू होतं असा समज आहे, कारण मूर्तीतला सान रोक्को झगा वर करून आपल्या मांडीवरची जखम दाखवत उभा असतो. शेजारी तोंडात पाव धरलेलं त्याचं कुत्रं.

लोरेदानाची पाळी आली तेव्हा वर्गात कुजबुज झाली. एक तर काका वाजवू शकले नाहीत, तर नायिका तीच. दुसरं, तिच्या आईचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. इस्त्री!

"हो, मला नायिका व्हायचंय," ती म्हणाली. "पण ती जागा काकांनी स्वतः मरून दिली पाहिजे. म्हणजे... तसं मरून नाही... शेवटचा अंक... सान रोक्कोची शपथ, मावशी, मी नाही!"

"रुमाल तुमच्या दुकानात इस्त्री झाला?"

"बघा ना तुम्हीच."

तिसरा व्हितांतोनिओ, आतषबाजीवाला. त्याचं आणि ऑपेराचं जुनं वैर. नायिका मेल्याशिवाय त्याला फटाके उडवता येत नाहीत, आणि कोसिमोकाका मरायला फार वेळ लावतात. तोवर समुद्राकडून दमट वारा सुटतो आणि दारू सर्द होते.

"गेल्या वर्षी माझी तीन सोनेरी झाडं फुसकी निघाली," तो म्हणाला. "का? तर बाईसाहेबांना एक सूर अजून ओढायचा होता! पण चोरी? सान रोक्कोची शपथ, मी उडवतो, उचलत नाही."

"इस्त्री येते?"

"मला? नुंझिया, माझ्या शर्टाकडे बघ."

सगळ्यांनी बघितलं. तो तत्क्षणी निर्दोष ठरला.

मावशीने फळ्यावरचा चौकोन पुसला. "आता राहिली एक जण."

"कोण?" काकांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांचा चेहरा बदलला. "नाही हं, नुंझिया. दोराला यात आणू नकोस."

३

दोराकाकू चर्चच्या पायऱ्यांवर होत्या. सकाळी मिरवणूक संपल्यावर संताला मखरासकट दाराशी, छत्राखाली उभा करतात. तो दिवसभर तिथून चौकाकडे बघत असतो. काकू शेजारी खुर्ची टाकून पंख्याने वारा घेत होत्या. अधूनमधून संतालाही घालत होत्या. सणाच्या पहाटे चर्चचं दार लावून घेऊन गावच्या बायका संताला सजवतात, आणि त्या बायकांच्या पुढारी काकूच. त्यामुळे त्या दिवशी तो जरासा त्यांचाच असतो.

संताच्या अंगावर चांदी मावत नव्हती. ज्याचं जे दुखणं बरं झालं, त्याने त्या अवयवाचा चांदीचा नवस फेडलेला: पाय, डोळे, हृदयं, एक पाठीचा कणा. छातीवर मधोमध जांभळ्या फितीला यंदा काहीतरी नवं लटकत होतं, आणि खालच्या पायरीवर दोन म्हाताऱ्यांचं त्यावरून भांडण जुंपलं होतं.

"कान आहे तो. विन्चेन्सा बहिरी होती ना, तिचा."

"कान असा नळीसारखा? मूत्रपिंड आहे."

"मूत्रपिंड बघितलंयस कधी?"

"माझं काढलं तेव्हा डॉक्टरने दाखवलं. मी नको म्हणत होते तरी."

"दोरा, तू सजवलंस, तूच सांग. काय आहे ते?"

"ज्याचं आहे त्याला माहीत," काकू म्हणाल्या आणि पंखा जोरात हलवायला लागल्या.

मावशी पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. "दोरा, कोसिमोचं माउथपीस गेलं."

"कळलं."

"तो नाही वाजवू शकला, तर तुला बरं वाटेल?"

"माझा नवरा आहे तो. चाळीस वर्षं मी त्याला दर उन्हाळ्यात मरताना बघतेय. लोक टाळ्या वाजवतात. फेब्रुवारीत खरंच मरायला निघाला होता, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात मी एकटी होते. तेव्हा नाही कुणी टाळ्या वाजवल्या."

मी कुत्र्याच्या तोंडातला पाव बघत राहिलो.

"तू चोरलंस?" मावशीने विचारलं. तिने आवाज खाली आणलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"मी चोरलं नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या आईची शपथ."

मावशी उठली. चौक ओलांडून आम्ही शाळेकडे निघालो. मध्ये दिव्यांची वेलबुट्टी केलेला गोल लाकडी मंच उजळायला लागला होता, आणि लोक आपापल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन येत होते.

"मावशी, आता?"

"आता काय? मुद्देमाल सापडला."

"कुठे?"

"सकाळी त्याच्या मागे झांजा बडवत तूच तर गावभर फिरलास."

४

मावशीने बँडला चर्चच्या पायऱ्यांशी आणलं. व्हितांतोनिओ आला, दॉन अर्कांजेलो घाम पुसत आले. काकू खुर्चीतून उठल्या नाहीत.

"आधी रुमाल," मावशी म्हणाली. "इस्त्री म्हटल्याबरोबर सगळ्यांनी लोरेदानाकडे बघितलं. पण तिची आई नंबराची चिठ्ठी टाचल्याशिवाय स्वतःच्या सासूचा रुमालसुद्धा परत देत नाही. या रुमालाला ना चिठ्ठी, ना टाचणीचं भोक. तो घरी धुतलाय. चोराला घाई असते. हा चोर असा, की त्याला हा कळकट रुमाल तसाच परत ठेवणं जमलंच नाही. म्हणजे तो बिचारा रुमाल कित्येक वर्षं कुणाच्या तरी डोळ्यांत सलत होता."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी कुत्र्याकडे.

"दुसरं. आज मी ज्याला ज्याला विचारलं त्याने सान रोक्कोची शपथ घेतली. दोराने आईची घेतली. ही बाई टोमॅटो पिकलाय की नाही तेसुद्धा सान रोक्कोला विचारते! आज त्याच्या अंगाला अंग लावून बसली असताना त्याचं नाव घेत नाही. का? कारण तो साक्षीदार आहे. त्याच्यासमोर त्याचीच खोटी शपथ कशी घेणार? आणि ती खोटं बोललीही नाही. आई स्वर्गात ऐकत असते. दोरा म्हणाली, चोरलं नाही. तिने ते पार्क केलंय."

मावशीने बोट दाखवलं. सगळ्यांनी संताच्या छातीकडे बघितलं. जांभळ्या फितीला, हृदयं आणि पाठीच्या कण्याच्या मधोमध, चांदीचं माउथपीस लटकत होतं.

"म्हटलं होतं ना, मूत्रपिंड नाही," खालची म्हातारी म्हणाली.

काकू उठल्या. आवाज अजिबात चढला नव्हता.

"त्या जिन्यात मी या संताला म्हटलं, कोसिमो परत दे, त्याचा श्वास मी तुला देते. उत्सवाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. याने दिला परत. मग मी काय देणार होते? कोसिमोचा श्वास हातात धरता येईल असा माझ्याकडे तेवढाच होता. नवस न फेडता त्याने आज वाजवलं असतं, आणि याने तिथेच मंचावर वसूल केलं असतं तर?"

मग काका म्हणाले, "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही."

"मग?"

"आणि रुमाल कशाला धुतलास?"

"चोरी वेगळी, घाण वेगळी."

काका पायरीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच लहान झाले. "मला एकदाच मरायचं होतं गं," ते म्हणाले. "नीट. मग लोरेदानाला देऊन टाकणार होतो."

मावशी फादरांकडे वळली. "दॉन अर्कांजेलो, परत घेता येईल?"

"संताला दिलेलं परत?" फादर पांढरे पडले. "त्याच्या सणाच्या दिवशी त्याच्या अंगावरून चांदी उतरत नाही. माझ्या आधीच्या फादरांनी एकदा साफ करायला एक पाय काढला. आठ दिवसांत गारपीट! द्राक्षं गेली."

हे खरं होतं. गारपीट सगळ्यांना आठवत होती. व्हितांतोनिओनेसुद्धा टोपी काढली. चौक भरला होता, दिवे लागले होते, आणि आमच्या नायिकेचं तोंड एका लाकडी माणसाच्या छातीला बांधलेलं होतं.

"उतरत नाही ना?" मावशीने सावकाश विचारलं. "फक्त उतरत नाही?"

५

मावशीने पावतीपुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या परवाना लिहिला. अवजड वाहतूक, चर्च ते मंच, एक संत, एक कुत्रं, वेग मर्यादित. सही केली, शिक्का मारला आणि शिट्टी फुंकली.

"चांदी संताजवळून हलणार नाही. संत हलेल. उचला!"

दॉन अर्कांजेलोंनी तोंड उघडलं, काकूंकडे बघितलं आणि मिटलं. ते चौकाकडे पाठ आणि चर्चकडे तोंड करून उभे राहिले. काही झालं नाही हे त्यांना आजही इतक्या खात्रीने सांगता येतं ते त्यामुळेच.

सकाळचेच भोई मखर उचलून गर्दीतून निघाले. लोक खुर्च्या बाजूला ओढत होते. मंचावर जागा नव्हती, म्हणून ट्यूबा हे अजस्र भोंगे वाजवणाऱ्यांना खाली उतरवलं. ते आजतागायत आमच्याशी बोलत नाहीत. संताला पहिल्या रांगेत नायिकेच्या जागी उभा केला, आणि काकांची खुर्ची त्याला चिकटवली. फीत सैल केली तरी जेमतेम मांडीपर्यंत आली. माउथपीस फ्लिकॉर्नोला लावलं तेव्हा काकांचा गाल संताच्या उघड्या मांडीला टेकला आणि कुत्र्याचा पाव त्यांच्या कानात गेला.

काकू मंचाखाली येऊन थांबल्या. नवऱ्याकडे नाही, त्या संताकडे बघत होत्या.

"श्वास तुझा आहे," त्या त्याला म्हणाल्या. "मी दिलाय, चौकाने बघितलंय. आता त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम तुझं. मी थकले."

मग त्यांनी डोळे मिटले, आणि बँड सुरू झाला.

संगीताबद्दल मला फार कळत नाही, मी झांजवाला आहे. पण त्या दिवशी काकांचा फ्लिकॉर्नो कमी हवेत वाजला. पूर्वी ते सूर ढकलायचे. त्या दिवशी त्यांनी सूर नुसते सोडले, जपून, नळ टपटपतो तसे. नायिका खिडकी उघडा म्हणाली. उन्हाळा आहे म्हणाली, आता बरं वाटतंय म्हणाली. पहिल्या रांगेत कुणीतरी खरंच खिडकी शोधायला वळलं. लोरेदाना वाजवता वाजवता रडत होती, आणि तरी तिचा एकही सूर चुकला नाही. तेव्हा मला कळलं की पुढच्या वर्षाची काळजी नाही.

शेवटचा सूर आला. तो थांबेना. समुद्राकडून दमट वारा सुटला. व्हितांतोनिओ आपल्या दारूच्या पेट्यांवर हातात काडेपेटी घेऊन बसला होता, आणि त्याने काडी ओढली नाही. सूर बारीक झाला, केसासारखा झाला, संपला. माझी झांज अर्धा ठोका उशिरा पडली, कारण एक हात डोळ्यांशी गेला होता. घाम होता.

काकांचं डोकं संताच्या मांडीवर कललं. ते हलले नाहीत.

टाळी नाही. आवाज नाही. अख्खा चौक श्वास धरून.

"कोसिमो?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"काय?"

"जिवंत आहेस?"

"सान रोक्कोची शपथ," काका म्हणाले.

पहिली टाळी काकूंची होती. चाळीस वर्षांत पहिलीच. आणि तेव्हा कुठे व्हितांतोनिओने काडी ओढली, आणि सगळी सोनेरी झाडं फुलली. दोन सोडून.

६

प्रति,
माननीय बिशप महोदय, धर्मप्रांत कार्यालय.

अर्जदार: कास्तेलफिको बँड, तर्फे झांजवादक. सोबत वाहतूक शाखेची शिफारस.

विषय: न घडलेल्या घटनेच्या पुनरावृत्तीबाबत.

महोदय,

दि. १६ ऑगस्ट रोजी आमच्या गावी काहीही घडले नाही, हे आपणांस फादरांच्या अहवालावरून ज्ञात आहेच. सदर घटना न घडल्यामुळे श्री. कोसिमो यांची प्रकृती उत्तम आहे. ते आता घरी फक्त सूप फुंकतात, आणि सौ. दोरा त्यांना एक सूर जास्त ओढला म्हणून रागावतात. माउथपीस चर्चच्या काचेच्या कपाटात, पाठीच्या कण्याशेजारी आहे. कु. लोरेदाना यांना नायिकेचे पद देण्यात आले आहे. तथापि शेजारी कुणीतरी उभे असल्याशिवाय स्वतःस नीट मरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

तरी नम्र विनंती, की जे यंदा घडले नाही ते पुढील वर्षीही त्याच मंचावर, त्याच खुर्चीशेजारी न घडण्यास आपली लेखी परवानगी मिळावी, आणि सान रोक्को (वाद्य: काही नाही) यांना बँडचे कायम सदस्यत्व मंजूर व्हावे. कुत्र्याची व्यवस्था आम्ही करू.

आपण स्वतः उपस्थित राहिल्यास आनंद होईल. गाडी मात्र, मावशी म्हणते, नीट लावावी.